वडिलांच्या आईला स्तनाचा कॅन्सर होता, पण वडील ठणठणीत आहेत. मग मला (मुलीला) काय धोका?

वडील ठणठणीत आहेत यावर जाऊ नका. आमचे अण्णा 76 वर्षांचे, सर्दीपलीकडे आजार माहीत नाही. तरी जीनमधला दोष त्यांच्याकडूनच माझ्यात आला.

मला 38व्या वर्षी डाव्या बाजूला गाठ लागली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आईकडे कुणाला होता?" नव्हता. विषय संपला. दोन वर्षांनी उजवीकडेही गाठ निघाली. या वेळी दुसरीकडे गेले, तिथल्या आनुवंशिक आजारांच्या समुपदेशक बाईंनी वंशावळ काढायला घेतली. आमची आत्या 44व्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली, हे ऐकून त्या म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलं?" अहो, विचारलं कुणी होतं?

जीन तपासणीच्या रिपोर्टात बीआरसीए-1 या जीनमध्ये दोष निघाला. अण्णांचाही तोच. हा जीन 17व्या गुणसूत्रावर असतो, बीआरसीए-2 13व्या. लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी दोघांचाही संबंध नाही, त्यामुळे दोष बापात असो की आईत, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता 50 टक्के. जन्मतः एकच प्रत बिघडलेली येते. दुसरी शाबूत आहे तोवर पेशी आपला डीएनए दुरुस्त करत राहते, तीही एखाद्या पेशीत गेली की तिथून गाठीची सुरुवात होऊ शकते. नडसन या अमेरिकी संशोधकांनी 1971 मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातल्या गाठींवरून हा दोन घावांचा हिशेब मांडला.

थोरल्या काकांना मात्र हे आजही पटत नाही. "बायकांचा रोग पुरुषाकडून येतो म्हणे! तुझ्या आईच्या घराण्यात बघ." आईने हे दोन वर्षं मुकाट्याने ऐकून घेतलं. तिच्या माहेरी एकालाही कॅन्सर नाही.

आजी हयात असतील तर तपासणी आधी त्यांची करा, नसतील तर वडिलांची. त्यांच्यात दोष निघाला तर पुरुष म्हणून तेही सुटत नाहीत, बीआरसीए-2 असेल तर प्रोस्टेटकडे लक्ष ठेवावं लागतं. हां, आजींना पंच्याहत्तरीत झाला असेल आणि घरात दुसरं कुणी नसेल, तर बहुधा आनुवंशिक नसेलही. एकूण कॅन्सरपैकी 5 ते 10 टक्केच तसे असतात. मी डॉक्टर नाही, समुपदेशकाला विचारूनच ठरवा.

आणि वडिलांना भाऊ असतील तर रिपोर्ट त्यांनाही दाखवा. मी काकांना झेरॉक्स पाठवली. म्हणाले, धाकटीचं लग्न होऊ दे, मग बघू. असा दोष असलेल्या बायकांचे एमआरआय पंचविशीपासून सुरू करतात. काकांची धाकटी मुलगी 31ची आहे.