चाळिशीनंतर सिल्कवर चढायचं असेल तर

वय 42, वजन 68 किलो, शाळेत पीटीच्या तासाला पोटदुखीची चिठ्ठी, पुलअप एकही येत नाही. आणि छतापासून सोडलेल्या कापडावर (यालाच एरियल सिल्क किंवा नुसतं सिल्क म्हणतात) उलटी लटकणारी मुलगी बघितल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये. 'आता शिकता येईल, की हसं होईल?' असं तुम्ही विचारलंय.

हसं होईल. माझं पहिले दोन महिने दर क्लासला व्हायचं. शिकताही येईल. मी 39व्या वर्षी सुरू केलं, आता सहा वर्षं होतील. मी शिकवत नाही, शिकतेच आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी पुलअपची काळजी सोडा. सिल्कवर माणूस हातांपेक्षा पायांवर जास्त टिकतो. (नाव सिल्क असलं तरी रेशीम नाही हो, बहुतेक ठिकाणी थोडं ताणलं जाणारं नायलॉन असतं.) चढताना कापडाचा पायाला बाहेरून वेढा घ्यायचा, ते पावलाखालून वर काढायचं आणि दुसऱ्या पावलाने वरून दाबून धरायचं. झाली पायरी. तिच्यावर नुसतं उभं राहायचं, हात वर सरकवायचे, गुडघे पोटाशी घ्यायचे, पुन्हा पायरी. नवखी माणसं हे विसरून हातांनीच ओढत सुटतात आणि दोन फुटांवर मूठ निकामी होते. पहिल्या दिवशी घरी आल्यावर माझ्याच्याने कुकरचं झाकण लागेना. नवऱ्याने लावलं, आणि वर भातही त्यानेच केला, हा फायदा वेगळा.

दुसरी गोष्ट फूटलॉक. कापड घोट्याभोवती आणि पावलाभोवती असं गुंडाळायचं की वजन टाकलं की ते आपोआप आवळतं. पहिल्यांदा जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर मी त्यात उभी राहिले तेव्हा चपलेचा पट्टा येतो तिथे कापड असं करकचून बसलं की डोळ्यांत पाणी आलं. तेही चाललं असतं. पण लॉक सोडवायचा तर आधी वजन पायावरून काढून हातांवर घ्यावं लागतं, आणि हातांत तर काही उरलंच नव्हतं. पाय अडकलेला, मी गोल गोल फिरतेय, आणि शेजारची बारा वर्षांची मुलगी सांगतेय, 'काकू, गुडघा वर घ्या ना!' शेवटी शिक्षिकेने खालून पाऊल उचलून धरलं तेव्हा सुटले. तेव्हापासून कुठलीही नवी पकड मी आधी सोडवायला शिकते, मगच ती घेऊन वर जाते. आणि अर्धा जोर खाली उतरण्यासाठी राखून ठेवते.

हे मला सुरुवातीच्या क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. तिथे तिसऱ्याच दिवशी 'जा वर, जमेल' म्हणून चढवलं, हात सुटला आणि मी कापडावरून घसरत खाली आले. लेगिंग गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. गुडघ्यामागे कातडी भाजल्यासारखी सोलवटली, डाग अजून आहे. तो क्लास मी सोडला.

म्हणून क्लास निवडताना शिक्षकांचे फोटो बघू नका, मान वर करून छत बघा. कापड कशाला टांगलंय, ते कुणी बसवलं, शेवटचं कधी तपासलं, हे सरळ विचारा. वरून खाली सुटायच्या प्रकारांत झटका बसतो तेव्हा टांगणीवर शरीराच्या वजनाच्या सहज तिप्पट-चौपट भार येतो. साध्या कॅराबिनरवरही (कापड अडकवायची धातूची कडी) ती किती भार पेलते त्याचा 22 किलोन्यूटन वगैरे आकडा असतो, म्हणजे साधारण दोन टनांच्या वर. घरच्या पंख्याचा हुक यातला नव्हे. ऑनलाइन कापड मागवून दिवाणखान्यात टांगायचा विचार मनात आलाच असेल, माझ्याही आला होता. नको. खाली जाड गादी हवी, सतरंजीवर दोन योगा मॅट म्हणजे गादी नाही.

कुणी तुम्हाला 'त्यापेक्षा दोरीचा मल्लखांब शिका' असं सुचवलंय. मीही दीड वर्ष केला. सुती दोर, गाठ मारायची नाही, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरून चढायचं. पूर्वी हाच प्रकार वेतावर व्हायचा. दादरच्या शिवाजी पार्कवर 2019 साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिथल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात मुलींना दोरावर बघितलंत तर सिल्क फिकं वाटेल. पण चाळिशीत शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला मी सिल्कच सुचवेन. कापड पसरतं, त्यामुळे दाब विभागला जातो. दोर एका रेघेत रुततो, आणि अंगठ्याच्या बेचक्यातली ती कळ मला महिनाभर पुरली.

उलटं व्हायची घाई नको. रक्तदाब, काचबिंदू, खांद्याचं जुनं दुखणं यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आपल्या वयात फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, टपूनच बसलेला असतो. स्नायू लवकर तयार होतात, त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना त्यापेक्षा बराच वेळ लागतो, म्हणून आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये खाडा ठेवून. मला जमिनीवरून उडी न मारता उलटं व्हायला सात महिने लागले. तोवर सोसायटीच्या बागेतल्या दांड्याला रोज लोंबकळायचे, कान आणि खांदे यांच्यात अंतर ठेवून, दहा-दहा सेकंद. वॉचमनला वाटायचं बाईंचं काहीतरी बिनसलंय.

पहिल्या दिवशी घोट्यापर्यंत लेगिंग, आत खोचता येईल असा टीशर्ट. अंगाला तेल-क्रीम काही नाही. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी सगळं काढा आणि पर्सच्या चेनच्या कप्प्यात ठेवा, खिडकीत नको. माझं एक जोडवं अजून सापडलेलं नाही.