कानगोष्टी : गाडी सुटली की बास कुठे जातो?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी रोज बदलापूरहून सीएसएमटीला लोकलने जातो. ढोलकी, डग्गा, हिपहॉप, लग्नातली डीजेवाली गाणी, थोडक्यात ज्यात ‘धम्म’ आहे ते सगळं मला आवडतं. घरी माझे इअरफोन मस्त वाजतात, पण गाडी सुटली की बास गायब, नुसती चिरचिर उरते. शिवाय कुठलीच जोडी वर्षभर टिकत नाही. कधी एक कान बंद पडतो, कधी वायर उघडी पडते. आता मोठे, कान झाकणारे, खोक्यावर ‘एक्स्ट्रा बास’ छापलेले हेडफोन घेऊ का? तीन-चार हजारांपर्यंत झेपेल. ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारी मावले पाहिजेत.
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : घरी मस्त वाजतात म्हणता ना? मग तुमच्या इअरफोनमध्ये बास आहे. गाडीत तो झाकला जातोय, आणि खोक्यावर काहीही छापलेलं असलं तरी झाकलाच जाणार.

चाकांची धडधड, मोटारीची घरघर, पत्र्याचा थरथराट, या सगळ्याचा जोर खालच्या पट्टीत असतो. साधारण २० ते २५० हर्ट्झ हा बासचा मुलूख, आणि गाडीची घरघरही तिथेच मुक्काम ठोकून असते. त्यात आपला कान मुळात खालच्या सुरांना मंद. फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळे गाणारीचा आवाज गोंगाटातून वाट काढतो आणि डग्गा बुडतो. मग आपण आवाज वाढवतो, गाणारी किंचाळायला लागते, डग्गा तरी बुडालेलाच.

म्हणून माझं पहिलं सांगणं : बास विकत घेण्याआधी शांतता विकत घ्या. बाहेरचा आवाज कानात जितका कमी येईल, तितका आहे तो बास वर येईल.

दुसरी गोष्ट याच्याच पोटातली. कानात घालायच्या इअरफोनचा बास हवाबंद जागेवर उभा असतो. टिप (इअरफोनच्या टोकावरची मऊ टोपी) आणि कान यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी खालचे सूर तिथून निसटतात, वरचे मात्र जसेच्या तसे राहतात. आजच करून पाहा. गाणं लावा आणि दोन्ही इअरफोन बोटांनी हलकेच आत दाबा. दाबल्यावर बास एकदम वाढला, तर तुमच्या टिप्स मापाच्या नाहीत. खोक्यात तीन मापं येतात, पण बहुतेक लोक मधलं माप लावलेलं असतं तेच आयुष्यभर वापरतात, बाकीची दोन पाकिटात तशीच. दोन्ही कानांचं माप सारखं असेलच असंही नाही. डाव्याला मोठी आणि उजव्याला मधली टिप लागली तर बिनधास्त तशी लावा. घालताना कानाची पाळी वरच्या बाजूने थोडी मागे ओढा, म्हणजे टिप नीट बसते. सिलिकॉनने जमत नसेल तर फोमच्या टिप्स घ्या. त्या बोटांनी चिमटून बारीक करायच्या, कानात सरकवायच्या आणि फुगेपर्यंत धरून ठेवायच्या. घामाने त्या काही महिन्यांत मऊ पडतात, बदलाव्या लागतात, पण लोकलच्या घरघरीला त्यांच्याइतका स्वस्त उतारा मला ठाऊक नाही. आधी एवढं करा. कदाचित नवीन काही घ्यावंच लागणार नाही.

घ्यायचंच असेल तर पुढे वाचा.

कान झाकणारे मोठे हेडफोन बदलापूर लोकलसाठी मी सुचवणार नाही. घरी, विमानात, नाहीतर खिडकीची जागा राखून पुण्याला निघालात तर सुंदर. पण सकाळच्या गर्दीत डोक्यावरची पट्टी कुणाच्या कोपराला अडकते, मे महिन्यात कानाभोवती घामाचं तळं साचतं, आणि नकली चामड्याच्या गाद्यांची आपल्या दमट हवेत पापडी सुटते. दुकानात दुरुस्तीला आलेल्या मोठ्या हेडफोनांचं दुखणं मी जवळजवळ डोळे मिटून सांगते : बिजागरी, गादी, चार्जिंगचं भोक. ध्वनीच्या भागाला क्वचितच काही झालेलं असतं. घडी घालता येते की नाही हेही बघावं लागतं. सोनीसारख्या कंपनीने २०२२ च्या महागड्या एक्सएम५ मध्ये आत दुमडायची सोय काढली आणि २०२५ च्या एक्सएम६ मध्ये परत आणली. म्हणजे बॅगेत मावण्याची अडचण तुमची एकट्याची नाही!

टिकाऊपणाची दोन जुनी नावं इथे निघतातच. एक कॉसचा पोर्टा प्रो. १९८४ पासून जवळजवळ त्याच रूपात विकला जातोय, दुमडून मुठीत मावतो आणि बास असा की पहिल्यांदा ऐकणारा हसतो. पण तो उघड्या पाठीचा आहे. बाहेरचं सगळं आत, आतलं सगळं बाहेर. लोकलमध्ये घातलात तर घरघर तुम्हाला आणि गाणं शेजाऱ्याला. दुसरा सेनहायझरचा एचडी २५, १९८८ चा. डीजेंच्या गळ्यात हमखास दिसतो. बंद पाठीचा, कानावर घट्ट बसणारा, वजन वायर सोडून जेमतेम १४० ग्रॅम, आणि वायर, गादी, पट्टी, वाट्या असा प्रत्येक भाग सुटा मिळतो. टिकाऊ वस्तू कशी बनवावी याचा तो धडाच आहे. तुमच्या बजेटबाहेर जातो आणि तासाभराने कान चेपतो, म्हणून आग्रह करत नाही.

तुमच्यासाठी माझी पसंती : वायरचे, कानात जाणारे, आणि मुख्य म्हणजे सुट्या होणाऱ्या वायरचे इअरफोन. आत एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणारा छोटा स्पीकर, असलेले घ्या, साधारण १० मिलिमीटरचा. एका कानात चार-पाच ड्रायव्हर असल्याची जाहिरात वाचून पाघळू नका; ‘धम्म’ काढायला एक चांगला डायनॅमिक पुरतो. केझेड, मूनड्रॉप अशा चिनी कंपन्यांचे या जातीचे इअरफोन तुमच्या बजेटच्या बऱ्याच खाली मिळतात. मात्र प्रत्येक मॉडेल नीट वाचून घ्या. मूनड्रॉपच्या ‘चू’ची पहिली आवृत्ती कायमच्या वायरची होती, ‘चू २’ मध्ये वायर सुटी झाली. वायरीच्या इअरफोनात शिरणाऱ्या पिनांची मापंही वेगवेगळी असतात. नवीन वायर घेताना जुनी सोबत न्या.

सुट्या वायरवर एवढा जोर का? कारण इअरफोन मरतो तो वायरीमुळे. फोनच्या पिनेपाशी, नाहीतर जिथे दोन कानांच्या वायरी वेगळ्या होतात तिथे. फोन पँटच्या खिशात, पिन वर, आणि आपण डब्यात वाकून बसतो. रोज त्याच एका जागी वायर दुमडते आणि आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात. वरून कापडी वेष्टण असलं म्हणून आतलं तांबं वाचत नाही. पिन काटकोनात वळलेली घ्या आणि पिनेच्या गळ्याशी लवचीक रबर आहे ना ते वाकवून बघा. एवढं करूनही वायर गेली, तर फक्त वायर बदलायची.

या प्रकाराचा आणखी एक फायदा गर्दीत कळतो. यांची वायर कानामागून फिरवून घालतात. कुणाच्या बॅगेत अडकून हिसका बसला तरी तो कानाच्या पाळीवर जातो, इअरफोन टपकन बाहेर येत नाही. वायर शर्टाच्या आतून घेतलीत तर तोही प्रश्न मिटला.

फोनला गोल पिनेची जागा नसेल तर टाइप-सीचा डोंगल लागेल. अगदी स्वस्तातल्या काही डोंगलांमध्ये नुसत्या तारा असतात, डिजिटल आवाजाचं रूपांतर करणारी चिप, म्हणजे डॅक, नसते, आणि मग ते बऱ्याच फोनवर वाजतच नाहीत. दुकानदाराला ‘यात डॅक आहे का?’ असं विचारा. तो गोंधळला तर पुढच्या दुकानात जा. लॅमिंग्टन रोडवर दुकानांना तोटा नाही.

वायर नकोच असेल तर नेकबँड. सुटे, बिनवायरचे छोटे गोळे मी लोकलवाल्यांना देत नाही. ठाण्याला उतरताना धक्का लागला की एक गोळा गाडी आणि फलाटाच्या फटीत जातो, आणि उरलेला एकटा कामाचा नसतो. शिवाय त्यांच्या इवल्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत दम सोडतात आणि बहुतेकांत बदलता येत नाहीत. नेकबँड निदान गळ्यात राहतो. पावसाळ्यासाठी खोक्यावर आयपीएक्स४ किंवा त्याहून वरचा आकडा बघा. ४ म्हणजे चहूबाजूंनी उडालेलं पाणी सोसेल. ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. हा आकडा नव्या, धड वस्तूचा असतो. घामाने आणि वापराने रबरी कडा सैल झाल्या की त्यावर विसंबू नका.

एएनसी, म्हणजे बाहेरचा आवाज उलटा वाजवून मारायची युक्ती, नेमकी खालच्या घरघरीवर सगळ्यात जास्त चालते. लोकलला अगदी योग्य. तीन-चार हजारांत ती असलेले नेकबँड मिळतात, पण एका खोक्यावरचं एएनसी आणि दुसऱ्यावरचं यांत जमीन-अस्मान. दुकानातल्या एसीच्या झोताखाली उभे राहा आणि बटण चालू-बंद करून ऐका. घरघर ठळकपणे मागे गेली तर घ्या. ‘थोडं काहीतरी वाटलं’ असं असेल तर त्याचे जादा पैसे देऊ नका. बॅटरी संपल्यावरही मापाची टिप काम करतच राहते.

ऐकून बघताना दुकानदाराचं डेमो गाणं नको. ते सगळ्यावरच छान वाजतं. डग्ग्यावर तळवा घासून काढलेली घुमारेदार मींड ज्यात आहे असं तुमचं पाठ असलेलं एखादं गाणं न्या. मींड सुरू होऊन संपेपर्यंत स्वर ऐकू आला तर तो बास. नुसताच ‘भम्म’ आला आणि त्याखाली गाणारी दबली, तर तो फुगवटा. आपल्या टिप्स खिशात ठेवा. दुसऱ्याच्या कानातून आलेल्या टिप्स घालायचं धाडस मी तरी करत नाही.

इक्वलायझर वापरणार असाल तर ६० ते १०० हर्ट्झच्या आसपास तीन-चार डेसिबल वाढवा आणि एकूण आवाज तेवढाच खाली आणा. नाहीतर आवाज फाटतो आणि दोष इअरफोनला जातो.

आणि हो, एवढी शांतता विकत घ्यायला मीच सांगतेय तर हेही ऐका : दारात उभे असताना, फलाटावर चालताना कान मोकळे ठेवा. रूळ तर ओलांडायचेच नाहीत, कानात काही असो वा नसो.

प्रश्न : माझा मुलगा वनाजहून मेट्रोने कॉलेजला जातो. हेडफोनचा आवाज इतका मोठा की शेजारी बसलं तरी गाणं कळतं. रागावून उपयोग होत नाही. नेमकं किती धोक्याचं असतं?
— एक आई, कोथरूड

उत्तर : आधी त्याचे हेडफोन उघड्या पाठीचे आहेत का ते बघा. असतील तर बेताच्या आवाजातही गाणं बाहेर ऐकू येतं, त्यावरून अंदाज करता येत नाही. बंद पाठीचे असूनही ऐकू येत असेल, तर तुमची काळजी खरी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा : मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० डेसिबलवर पोहोचलात की आठवड्याला जेमतेम ४ तास. रोजच्या जाण्यायेण्यात ते चार तास कधी संपले, कळतही नाही. रागावण्यापेक्षा हे आकडे त्याच्यासमोर ठेवा. या वयाच्या मुलांना आईचा आवाज टोचतो, आकडा टोचत नाही. आयफोन असेल तर हेल्थ ॲपमध्ये हेडफोनच्या आवाजाची नोंद दिसते. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कमाल आवाजाला मर्यादा घालता येते.

पण तो आवाज वाढवतो का, हेही शोधा. बहुधा टिप्स ढिल्या असाव्यात आणि डब्यातल्या गोंगाटात त्याला बास मिळत नसावा. बदलापूरच्या वाचकांना लिहिलेलं त्याला वाचायला द्या. मापाच्या टिप्स लागल्या की आवाजाची पट्टी आपोआप खाली येते. गाणं बंद केल्यावर कानात ‘सूं’ वाजतं किंवा बोलणं दबलेलं ऐकू येतं असं तो कधी म्हणाला, तर टाळाटाळ न करता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.

प्रश्न : चांगल्या इअरफोनचा उजवा कान पिन फिरवली की लागतो, सोडली की जातो. फेकू की दुरुस्त करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फेकू नका. पिन फिरवून आवाज येतो म्हणजे तुटलंय ते पिनेच्या गळ्याशी, ड्रायव्हर ठणठणीत आहे. तिथून दोनेक इंच वायर कापायची आणि नवीन पिन लावायची. आतले तंतू रंगीत दिसतात, कारण त्यांच्यावर वार्निशसारखा लेप असतो. तो जाळल्याशिवाय डाख धरत नाही. घरी सोल्डरिंग करणारे नेमके इथेच फसतात. तापलेल्या टोकावर डाखेचा थेंब घेऊन तंतूचं टोक त्यात बुडवून ठेवा, लेप जळून तांबं चकाकायला लागतं. बहुतेकांत लाल उजवा, हिरवा किंवा निळा डावा, आणि तांब्याच्या रंगाचे ते सामाईक. माईकची वायर असेल तर पिन चार भागांची लागते, तीनची नाही. जोडण्याआधी पिनेचं झाकण वायरीत ओवून ठेवा, नाहीतर सगळं उकलून पुन्हा करावं लागतं. आणि जोडल्यावर झाकण बंद करण्यापूर्वी एकदा वाजवून बघा.