माझा विरोध नोंदवून घ्या

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

विकास सोसायटीचा संचालक झालास, तेही बिनविरोध, हे ऐकून बरं वाटलं. बिनविरोध आलास म्हणजे पाच वर्षं विरोध करायचा नाही, असं मात्र कुणी लिहून घेतलेलं नाही. फोनवर म्हणालास, "१३ जणांत १२ एकीकडे, मी काय बोलू?" मी गटसचिव म्हणून सोसायट्यांची प्रोसिडिंगं, म्हणजे सभांची इतिवृत्तं, लिहीत म्हातारा झालो. सभेतलं कोणतं वाक्य कागदावर उतरतं आणि कोणतं चहाबरोबर विरतं, तेवढं मला कळतं.

आपल्याकडे "माले पटत नही" हे पानटपरीवर म्हणतात. सभेत तोच माणूस म्हणतो, "बघा बुवा, तुम्ही मोठे आहात." ऐकताना त्यात नाराजी असते, पण लिहिताना त्याचं "सर्वानुमते मंजूर" होतं. सचिवाला तरी दुसरं काय लिहिता येणार?

तू असं बोल: "आप्पा, गोदामाच्या दुरुस्तीला माझी हरकत नाही. कोटेशन न मागवता काम देण्याला आहे. माझा विरोध नोंदवून घ्या." कशाला हरकत नाही ते आधी सांगितलं की समोरचा निम्मा निवळतो. ठेकेदार कुणाचा शालक लागतो, मागच्या वर्षी काय झालं, ते काढू नकोस. ते निघालं की ठराव राहतो बाजूला आणि भाऊबंदकी सुरू होते.

"माझा विरोध नोंदवून घ्या" हे वाक्य नुसत्या मानापानाचं नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात, कलम ७३ खाली, समितीच्या, म्हणजे तुमच्या संचालक मंडळाच्या, निर्णयांची जबाबदारी सगळ्या सदस्यांवर एकत्रितपणे आणि वैयक्तिकपणेही आहे. ज्याने आपलं वेगळं मत इतिवृत्तात नोंदवलं, त्याला त्या ठरावासाठी जबाबदार धरत नाहीत. जो सभेला नव्हता आणि ज्याने नंतर त्या इतिवृत्ताला संमती दिली नाही, तोही सुटतो. हजर राहून गप्प बसलेल्याला ही सूट नाही. "मी तटस्थ" म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं. वाचत कुणी नाही.

अजेंड्याचा शेवटचा विषय नेहमी जपून ऐक: "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". तोवर लोक उठायच्या बेतात असतात, कुणाची केळीची गाडी भरायची असते, आणि नेमका पैशाचा विषय तिथे सरकवतात. तिथे विरोधसुद्धा करू नकोस. "आर्थिक विषय आहे, पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घेऊ" एवढं म्हण. हे म्हणायला हिंमत लागत नाही आणि बहुतेक वेळा दोघे-तिघे मान हलवतात.

सभा संपल्यावर शिपाई प्रोसिडिंग घेऊन सहीला घरी येईल, तुझी आई त्याला चहा देईल, तो म्हणेल, "फक्त इथं करा." आधीचं पान वाच. मजकुराखाली कोरी जागा सोडलेली असेल तर सही करू नकोस. पुढच्या सभेत पहिला विषय असतो "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे". लोक तेव्हा मोबाइल बघत असतात. तुझा विरोध त्यात आला नसेल तर दुरुस्ती तिथेच माग. एकदा कायम झालं की मग वादच.

आणि हो, विरोध करून तरातरा निघून जाऊ नकोस. हिवाळ्यात कुणाच्या तरी मळ्यात भरिताचा बेत ठरतोच. त्याच आप्पांच्या शेजारी बसून भरीत आणि कळण्याची भाकरी खा. ठरावाचा विषय निघाला तर म्हण, "ते सभेत बोललो ना आप्पा."

ठराव फारच गंभीर वाटला तर कायद्याने आणखी एक सोय आहे: सात दिवसांच्या आत आपली भिन्नमत टिपणी निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे, लेखी देता येते. तालुक्याला सहायक निबंधकांच्या कार्यालयात दोन प्रती घेऊन जा, एकीवर पोच घे. टिपणीत ठरावाचा क्रमांक आणि तारीख घाल, विशेषणं घालू नकोस. मसुदा आधी मला दाखव.

तुझा,
तात्या