फाइल सगळ्या कॉपी केल्या, तरी स्क्रीन काळीच!

प्रश्न: माझ्याकडे हातात मावणारा गेम कन्सोल आहे, आत ऑलविनर कंपनीची चिप आहे आणि सिस्टीम मायक्रोएसडी कार्डावरूनच चालते. सोबत आलेलं बिननावाचं कार्ड हल्ली मधेच अडकतं, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून नवीन 64 जीबीचं आणलं आणि लॅपटॉपवर जुन्यातलं सगळं सिलेक्ट करून नव्यात पेस्ट केलं. पण काहीच चालू होत नाही. कार्ड खराब निघालं का? — एक वाचक, विक्रोळी

उत्तर: लगेच दुकानात परत द्यायला धावू नका, कार्ड बहुतेक ठीक असेल, गडबड कॉपी-पेस्टमध्ये आहे. पॉवर दिली की चिपमधला छोटासा कायमचा प्रोग्राम जागा होतो, त्याला फाइल-फोल्डर काही कळत नाही, तो कार्डाच्या सुरुवातीपासून 8 केबीवर जाऊन तिथे बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम, आहे का एवढंच बघतो (रॉकचिप या दुसऱ्या कंपनीच्या चिपमध्ये हीच जागा 32 केबीवर असते). ही जागा कुठल्याच फोल्डरमध्ये नाही, मग पेस्ट करून ती येणार कुठून? शिवाय अशा कन्सोलची सिस्टीम बहुतेक लिनक्सची असते, आणि कार्डावरचा लिनक्सचा भाग (एक्सटी४ पार्टिशन) विंडोजला आपणहून वाचता येत नाही, म्हणजे सिस्टीमचा मोठा भाग तुम्हाला दिसलाच नसणार.

आता सगळ्यात आधी जुनं कार्ड सांभाळा. ते अडकायला लागलंय म्हणजे कधीही राम म्हणेल, त्यामुळे गेमच्या सेव्ह फाइल आजच लॅपटॉपवर काढून ठेवा, सिस्टीम परत मिळते पण अर्ध्यावर आलेला गेम नाही मिळत. मग तुमच्या मॉडेलची सिस्टीम इमेज, म्हणजे अख्ख्या कार्डाची हुबेहूब नक्कल असलेली एकच फाइल, डाउनलोड करा, मॉडेल नीट बघून, कारण दिसायला सारख्या दोन कन्सोलची इमेज एकमेकांना चालेलच असं नाही. ती बलेना एचर किंवा रुफस या प्रोग्रामने नव्या कार्डावर फ्लॅश करा, म्हणजे जशीच्या तशी लिहा. यात कार्डावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा ड्राइव्ह निवडताना दोनदा बघा. फ्लॅश झाल्या झाल्या विंडोज विचारेल, "डिस्क फॉरमॅट करायची का?" तिथे कॅन्सलच दाबा, इथे हो म्हटलं की केलेलं सगळं पाण्यात!

इमेज कुठेच मिळाली नाही तर विन३२ डिस्क इमेजर या प्रोग्राममधलं रीड बटण वापरून जुन्या कार्डाचीच अख्खी इमेज काढता येते. फक्त 64 जीबी लिहिलेल्या दोन कार्डांची खरी जागा थोडी कमीजास्त असते, नवं कार्ड जरा जरी लहान भरलं तरी इमेज बसत नाही, त्यामुळे जुनंही 64चं असेल तर नवं सरळ 128चं घेणं बरं.

हो, आणि फ्लॅश करायच्या आधी रिकामं कार्ड एच२टेस्टडब्ल्यू या कार्डाची खरी जागा तपासणाऱ्या प्रोग्रामने तपासा. बाजारात 8 जीबीवर 64 छापून विकणारे आहेत, आणि असं कार्ड भरेपर्यंत अगदी व्यवस्थित चालल्यासारखं वाटतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. बिल मात्र तोपर्यंत टाकू नका.