बाल्टिकचं पाणी खारट का लागत नाही?

स्टॉकहोमच्या किनाऱ्यावर पाणी चाखलं तर जेमतेम मचूळ लागलं, मग हा समुद्र की तलाव, असं तुम्ही विचारलंय. आज तो समुद्रच आहे. पण याआधी तो दोनदा गोड्या पाण्याचं तळं होता.

मी बरीच वर्षं उत्तर स्वीडनमध्ये लुलेओला राहतोय. इथे तर लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅमच मीठ सापडतं. कोकणच्या समुद्रात ते 35 ग्रॅमच्या आसपास असतं.

20 हजार वर्षांपूर्वी इथे पाणी नव्हतंच, नुसता बर्फ होता, काही ठिकाणी जवळपास 3 किलोमीटर जाडीचा. त्या ओझ्याने जमीन दबली होती. बर्फ वितळू लागल्यावर जगभरच्या समुद्रांची पातळी चढू लागली आणि ओझं उतरल्यामुळे इथली जमीनही वर येऊ लागली. बाल्टिकचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोघांची चढाओढ.

आधी बर्फाच्या कडेला प्रचंड तळं साचलं. पश्चिमेची वाट बर्फाने अडवलेली, त्यामुळे पाणी समुद्रापेक्षा सुमारे 25 मीटर उंच तुंबलं. साधारण 11,700 वर्षांपूर्वी मध्य स्वीडनमधल्या बिलिंगेन डोंगराच्या उत्तर टोकाशी बर्फ मागे सरला आणि हा बांध फुटला. एवढ्या मोठ्या तळ्याची पातळी वर्ष-दोन वर्षांत 25 मीटर उतरली! मला तरी या साऱ्यात हाच प्रसंग सगळ्यात विलक्षण वाटतो.

त्याच भागातून मग खारं पाणी आत आलं. पण जमीन उचलत राहिली, वाट बुजली, पुन्हा गोडं तळं झालं. अखेर महासागर चढत चढत डेन्मार्कच्या सामुद्रधुन्यांतून आत शिरला. तेव्हाचा बाल्टिक आजच्यापेक्षा खारट होता. हे सगळं गाळ सांगतो: एका थरात थंड खाऱ्या पाण्यातला योल्डिया शिंपला, त्याच्या वर गोड्या पाण्यातली अँसिलस गोगलगाय, त्याच्याही वर समुद्रातली लिटोरिना. त्या त्या टप्प्यांना नावंही यांचीच आहेत.

आता त्या सामुद्रधुन्या उथळ आहेत, कुठे तर जेमतेम 8 मीटर. खारं पाणी भरपूर आत येतं ते मोठ्या वादळांच्या रेट्याने, अधूनमधून. नद्या मात्र बारा महिने गोडं पाणी ओतत असतात.

आणि जमीन अजून थांबलेली नाही. इथे ती वर्षाला 8-9 मिलिमीटर वर येते. बंदर उथळ झालं म्हणून 1649 साली लुलेओ शहर समुद्राच्या दिशेने हलवावं लागलं. जुन्या गावात, गामेलस्टाडला, दगडी चर्च अजून आहे, पण होड्या लागायच्या तिथे आता गवत आहे. पुन्हा आलात तर ते नक्की बघा.

तापमापकामुळे आपल्याला माहीत असलेल्या अँडर्स सेल्सिअस यांनी 1731 मध्ये येव्लेजवळच्या लोव्हग्रुंड बेटावर, सील बसायचे त्या खडकावर, पाण्याच्या पातळीची रेघ कोरून घेतली. पाणी आटत चाललंय असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात खडकच वर येत होता. ती रेघ आज पाण्याच्या बरीच वर, कोरड्या दगडावर दिसते.