जूनचा खर्च फेब्रुवारीत

प्रश्न : घरात पाच माणसं, हातात येणारा पगार ३२ हजार. रोजचा खर्च वहीत लिहिते, बाहेरचं खाणं जवळपास नाही. तरी जून ते दिवाळी दर महिन्याला उसनवारी होतेच. कुठं चुकतंय?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : तुमच्या वहीत रोजचा खर्च आहे, ओढाताण होते ती वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चाने. पुस्तकं, गणवेश, रेनकोट, गावचा गणपती, दिवाळी, विम्याचा हप्ता. यातलं काहीच न सांगता येत नाही, तरी दर वर्षी आपली धावपळ ठरलेली! गेल्या वर्षी यावर किती गेले ते आठवून बेरीज करा. समजा ४२ हजार झाले, तर महिन्याला ३,५००. पगार झाला त्याच दिवशी ते दुसऱ्या खात्यात टाका आणि उरलेले २८,५०० हाच पगार धरा.

घोळ होतो तो पहिल्या वर्षी. फेब्रुवारीत सुरुवात केली तर मेअखेर चारच हप्ते, म्हणजे १४ हजार जमतात. शाळेलाच १८ लागले की सगळं तिथंच बारगळतं. म्हणून पहिल्या खेपेला जवळचा खर्च उरलेल्या महिन्यांनी भागा : १८ हजार भागिले चार, म्हणजे ४,५००. जड जाईल, पण चारच महिने. पुढच्या वर्षापासून आरडी काढणार असाल तर ती मेमध्ये संपेल अशी बघा. मध्येच मोडली तर व्याज कमी मिळतं.

गाव कोकणात असेल तर आणखी एक मेख आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. गणपती सप्टेंबरात असले तरी तिकिटाचे पैसे जुलैत लागतात, शाळेच्या खर्चाच्या पाठोपाठ. ते जूनच्याच रकमेत धरा.

लोकलचा पास तिमाही काढा. त्याला मासिक पासाच्या २.७ पट पैसे पडतात, म्हणजे दहा टक्के वाचतात. सहामाहीला ५.४ पट, वार्षिकला १०.८ पट, टक्के तेवढेच. मग वर्षाचे पैसे आधीच कशाला अडकवायचे?

प्रश्न : तेलाचा मोठा डबा घेणं परवडतं का?
– एक वाचक, परळ

उत्तर : आधी डब्यावर लिटर लिहिलंय की किलो, ते पाहा. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर. १५ किलोच्या डब्याशेजारी तो उगाच स्वस्त वाटतो. दोन्हीचा किलोचा भाव काढा, मग ठरवा. शिवाय महिन्याला तीन लिटर लागत असेल तर फोडलेला डबा पाच महिने पुरवायचा. मुंबईच्या दमट, उष्ण हवेत तेल खवट होतं. पाच लिटरचा कॅन बरा. नाहीतर शेजारणीबरोबर डबा निम्मा वाटून घ्या, पण मापाने, अंदाजाने नको.