तिशी उलटल्यावर समोरची वस्तू बघून हुबेहूब चित्र काढायला शिकता येतं का? फोटोवर चौकटी आखून सुरुवात करू का? आणि पेन्सिल कुठली घेऊ?

येतं. चौकटी आखू नका.

आठवीत एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेच्या तयारीला आमच्या साताऱ्यातल्या शाळेत सर टेबलावर तांब्या ठेवायचे, पण काढायचा तो फळ्यावरचा बघून. तोंड लंबगोल, तळ सरळ रेघ. मी पहिल्या बाकावर, टेबल बुटकं. मला तळ चांगला वळलेला दिसत होता, तसा काढला. सर म्हणाले, "तांब्या टेबलावर टेकलाय ना? मग तळ सरळच." आणि सगळ्या वर्गासमोर खोडरबराने इतकं घासलं की कागदाला भोक पडलं.

घरी येऊन देवघरातला तांब्या घेतला. डोळ्यांच्या बरोबर समोर कोनाड्यात ठेवला, तर तोंडाची नुसती आडवी रेघ दिसली. स्टुलावर ठेवला, लंबगोल उघडला. जमिनीवर ठेवला, आणखी उघडला. आणि तळाचा बाक तोंडाच्या बाकापेक्षाही जास्त, कारण तळ नजरेच्या पातळीपासून अजून खाली. दिवेलागणीपर्यंत मी तांब्या वर-खाली करत होतो. आईने एका शब्दाने विचारलं नाही.

फोटोत कॅमेऱ्याने तुमच्या वाटचं बघून टाकलेलं असतं. चौकटी मोजून रेघ जागेवर येते, पण तळ का वळला ते कळत नाही. त्यापेक्षा तांब्या आणि फुलपात्र खिडकीशी ठेवा, उजेड एकाच बाजूने येऊ दे. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर अंगठ्याने रुंदी धरा आणि उंचीत ती किती वेळा बसते ते बघा. दोन भांड्यांमधल्या मोकळ्या जागेचा आकार आधी काढा. तो कुणी पाठ करून घेतलेला नसतो, म्हणून बरोबर येतो. डोळे किलकिले केले की गडद-फिकट आपोआप वेगळं होतं. पेन्सिल २बी घ्या, फार विचार करू नका.

जमलं तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. तिथल्या संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत. छापील चित्रात कळत नाही ते तिथे जवळून बघायला मिळतं.

हां, लहान मूल किंवा जनावर एका जागी बसत नाही, तिथे फोटोचा आधार घ्यायला हरकत नाही. चेहऱ्यांचं मी सांगत नाही, माझा अभ्यास वस्तूंचाच.

लोक म्हणतात, एवढी मुलं, परीक्षा तोंडावर, सर तरी काय करणार. माझ्या बाकावर एकदा बसून बघायचं होतं.